फोटोतलं पॅकिंग कुठल्या खिळ्यावरचं? (प्रकल्प नोंदी)

शनिवार, १८ मे २०२४

मामाचं इंजिनदुरुस्तीचं दुकान रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या मागच्या गल्लीत आहे. आत शिरलं की डाव्या हाताची अख्खी भिंत खिळ्यांची, आणि प्रत्येक खिळ्यावर पॅकिंग नाहीतर पॅकिंगचा फर्मा. पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून तेल-पाणी गळू नये म्हणून मध्ये दाबायचा पातळ तुकडा, पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. इथे तो शब्द काढला तर गिऱ्हाईक समजतं की पोरगा पुण्याहून आलाय. हेडची (म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची), वॉटर पंपाची, टॅपेट कव्हरची, ऑइल कूलरची. निम्मे फर्मे जुन्या लग्नपत्रिकांच्या आणि मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे. मामा झाकणाच्या तोंडावर पुठ्ठा ठेवतो, कडेकडेने बॉलपीन हातोडी हलक्या हाताने मारत जातो, पुठ्ठा कडेवर तुटत जातो. मोजपट्टी लागतच नाही.

भानगड फोनची आहे. नाट्याहून, जयगडहून, हर्णैहून फोटो येतात: "मेस्त्री, ह्याचं पॅकिंग हाय काय?" फोटो कसाही काढलेला. बोटीच्या पोटात वाकून, एका हातात बॅटरी धरून, तिरका. मामा चष्मा कपाळावर चढवतो, फोन उभा-आडवा करतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पण मामाला एकसष्ट पूर्ण झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद म्हणजे सगळ्या बोटींची इंजिनं एकदम उघडणार.

मी म्हटलं, भिंतीचे फोटो काढतो आणि प्रोग्राम लिहितो. पॅकिंग सपाट असतं, कॅमेऱ्याला याहून सोपी वस्तू कुठली? मामा म्हणाला, "लिही. वर्कफ्रॉमहोम हाय तुझा, टाइम हाय."

मंगळवार, २१ मे

भिंत उतरवली. प्रत्येकाला मागे खडूने नंबर, पांढऱ्या चादरीवर ठेवून बरोबर वरून फोटो. एकूण १४७. मामीची चादर गेली. तेलाचे डाग उन्हाने जात नाहीत हे आता मलाही माहीत झालं.

पहिला प्रयत्न सोप्यात सोपा: ह्यूचे मोमेंट. मिंग-कुई ह्यूने १९६२ मध्ये आकृतीच्या वस्तुमान-वाटपावरून सात आकडे काढायची रीत दिली. आकृती सरकवा, फिरवा, लहान-मोठी करा, ते सात आकडे तेच राहतात. ओपनसीव्ही या फोटो हाताळायच्या कोडसंचात तयार मिळतात, लिहायच्या दोन ओळी.

संध्याकाळी एकाच पॅकिंगचे दोन फोटो घातले, एक वरून आणि एक खलाशी काढेल तसा तिरका. दोघांमधला फरक दोन वेगळ्या पॅकिंगांमधल्या फरकापेक्षा जास्त निघाला. यात ह्यूचा काही दोष नाही. फिरवणं आणि लहान-मोठं करणं एवढंच त्याने कबूल केलं होतं. तिरक्या फोटोत जवळचा बोअर (सिलिंडरचं गोल भोक) मोठा, लांबचा लहान, गोलाचा लंबगोल, समांतर कडा पुढे जाऊन मिळू पाहतात. त्या विकृतीचं नाव प्रक्षेपण, आणि त्यातूनही न बदलणारं काहीतरी शोधायला हवं. इंग्रजीत इनव्हेरियंट, मी वहीत 'अचल' लिहितो, कारण मामाला तोच शब्द सांगता आला.

रविवार, २६ मे

प्रक्षेपणात लांबी टिकत नाही, कोन टिकत नाही, दोन लांबींचं गुणोत्तरही टिकत नाही. गुणोत्तरांचं गुणोत्तर टिकतं. एका रेषेवरचे चार बिंदू क, ख, ग, घ घ्या. कग गुणिले खघ, भागिले खग गुणिले कघ. फोटो कुठूनही काढा, हा आकडा तोच. याला क्रॉस रेशो म्हणतात, आणि अलेक्झांड्रियाच्या पप्पसला तो चौथ्या शतकात ठाऊक होता. म्हणजे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी.

मी खूश. हेडच्या पॅकिंगवर बोल्टच्या भोकांची सरळ रांग असतेच. रांगेतली लागोपाठची चार भोकं घेतली: १.३३. दुसरं पॅकिंग: १.३३. तिसरं: १.३४, फोटो हलला होता. अकरा हेडांपैकी नऊ जणांचं उत्तर तेच.

अर्धा तास कोडमध्ये चूक शोधली. मग कागदावर ०, १, २, ३ असे बिंदू मांडले: दोन गुणिले दोन, भागिले एक गुणिले तीन. चार तृतीयांश. समान अंतरावरचे चार बिंदू असले की उत्तर कायम हेच, मग इंजिन होडीचं असो की आगबोटीचं. मामाला दाखवलं तर तो हसायलाच लागला. "बोल्ट सारख्या अंतरावर नसतील तर हेड सारखं दाबेल काय? एका अंगाला फुंकेल."

म्हणजे माझा अचल इतका अचल निघाला की त्याला एका पॅकिंगचं दुसऱ्यापासून काही वेगळं दिसेना.

रविवार, २ जून

कालपासून बंदी. बोटी ओढून वर घेतल्यात, निम्म्या शाकारून झाल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मी मागच्या पडवीत बसतो.

रेषेवरून बाहेर पडून प्रतलावर आलो. चार बिंदूंनी काही साधत नाही: कुठल्याही चार बिंदूंना (तीन एका रेषेत नसले की झालं) प्रक्षेपणाने कुठल्याही दुसऱ्या चारांवर नेऊन बसवता येतं. चार बोल्टचं चौकोनी झाकण आणि चार बोल्टचं वाकडंतिकडं झाकण या हिशेबात एकच. पाचवा बिंदू आला की दोन अचल मिळतात. ते काढायचे त्रिकोणांच्या क्षेत्रफळांवरून: पाच बिंदूंमधून तिघांचे त्रिकोण करा, दोन क्षेत्रफळांचा गुणाकार वर, दोघांचा खाली, आणि प्रत्येक बिंदू वर जितक्यांदा येतो तितक्यांदाच खाली यायला हवा. मग प्रक्षेपणाने घातलेला सगळा गोंधळ वर-खाली कटतो. इतकं सुबक गणित बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

वॉटर पंपाच्या झाकणावर हे सुरेख चाललं. त्याची सहा भोकं मुद्दाम केल्यासारखी वेडीवाकडी आहेत. पहिला बिंदू कुठला धरायचा हा प्रश्न होता, तो सोपा: भोकं क्रमाने घ्यायची आणि सुरुवात प्रत्येकापासून करून सगळी उत्तरं साठवायची.

हेडवर पुन्हा आपटलो. तिथे भोकं रांगेत, तीन बिंदू एका रेषेत आले की त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य, आणि ते शून्य नेमकं भागाकाराच्या खाली येऊन बसतं. शून्यही नाही, पिक्सेलच्या थरथरीमुळे कधी ०.३ तर कधी उणे ०.२. उत्तरं चारशेपासून उणे नऊशेपर्यंत.

आणखी एक चूक आज सापडली, लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही. बोअर फोटोत लंबगोल दिसतो, म्हणून मी लंबगोलाचा मध्य हाच बोअरचा मध्य धरत होतो. तसं नसतं. तिरक्या फोटोत वर्तुळाचा खरा मध्य लंबगोलाच्या मध्यावर पडत नाही, लांबच्या कडेकडे सरकलेला असतो. बारा मिलिमीटरच्या भोकाला हा फरक जाणवत नाही. शंभराच्या बोअरला चांगलाच जाणवतो.

रविवार, ९ जून

लाइट नाही. लॅपटॉप बंद, पावसाची झड पडवीत येतेय. मामाबरोबर व्हॉल्व्ह घासले.

शनिवार, १५ जून

मध्य चुकतो तर मध्य सोडून द्यावा आणि अख्खा लंबगोलच घ्यावा. उशिरा सुचलं, पण ज्यांना आधी सुचलं ते लोक मोठे आहेत. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ऑक्सफर्डमध्ये रॉथवेल, झिसरमन, फोरसिथ आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतला मंडी हेच करत होते: सपाट वस्तू, फोटोतून काढलेल्या रेषा आणि शंकुच्छेद (वर्तुळ, लंबगोल वगैरे), त्यांचे अचल, आणि त्या आकड्यांवरून थेट कप्प्यात हात घालून वस्तू काढायची. प्रत्येक वस्तू एकेक करून ताडून बघायची नाही. या विषयावरची पहिली मोठी बैठक १९९१ मध्ये आइसलँडला रेक्याविकमध्ये झाली, दुसरी १९९३ मध्ये अझोर्स बेटांवर. दोन्ही ठिकाणं मासेमारीची. माझा प्रकल्प योग्य गावी चाललाय असं मी समजतो.

एका प्रतलातले दोन शंकुच्छेद घेतले की दोन अचल. प्रत्येकाचं तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, त्यातून निघणारा डिटरमिनंट नावाचा आकडा १ येईल असं मापात आणलेलं. पहिल्याचं व्यस्त गुणिले दुसरं, त्याच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज हा एक आकडा. अदलाबदल करून दुसरा. प्रोग्रामवर विश्वास ठेवण्याआधी हाताने करून बघितलं:

दोन वर्तुळं तंतोतंत एकावर एक असतील तर ३ आणि ३.

केंद्र एकच, बाहेरची त्रिज्या आतलीच्या दुप्पट: ३.७८ आणि ३.५७. वॉशरसारखी सगळी पॅकिंगं या जातीची.

सारख्या त्रिज्येची दोन वर्तुळं शेजारीशेजारी, म्हणजे आपले दोन बोअर: दोन्ही आकडे सारखेच, ३ वजा (केंद्रांमधलं अंतर भागिले त्रिज्या) याचा वर्ग. बोअर शंभरचा, अंतर सव्वाशे, तर सव्वाशे भागिले पन्नास अडीच, त्याचा वर्ग सव्वासहा, उत्तर उणे ३.२५.

मग तिरके फोटो. उणे ३.१९, उणे ३.३१, उणे ३.२४. वाकून, बसून, बॅटरीच्या उजेडात, कसाही काढा. रात्री साडेअकराला मामाला उठवून दाखवलं. त्याने डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाला, "बरा. झोप आता."

रविवार, २३ जून

नाट्याहून फोटो आला तेव्हा मामा कुणाच्या तरी बाराव्याला गेला होता. तीन बोअरचं हेड. प्रोग्राम म्हणाला नंबर ५८, अगदी छातीठोक. मी मामाची वाट न बघता पॅकिंग वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुपारच्या गाडीने पाठवलं.

संध्याकाळी बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, फोन. तो चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "पॅकिंग बरोबर हाय, पण पोराचं हाय. आमचं बापाचं हाय."

नंबर ५८ चा बोअर ८०, अंतर १००. शंभर भागिले चाळीस, अडीच. उणे ३.२५. त्याचं इंजिन १०० बोअर, १२५ अंतर. अडीच. उणे ३.२५.

दोष गणिताचा नाही, मी विचारलेल्या प्रश्नाचा. प्रक्षेपणात आकार लहान-मोठा होतो म्हणून अचलाने माप आधीच टाकून दिलेलं असतं. ते टाकतो म्हणून तर तो अचल. जवळून काढलेलं लहान पॅकिंग आणि लांबून काढलेलं मोठं पॅकिंग यांच्यात त्याने फरक करावा अशी अपेक्षा मी ठेवली, आणि ऑक्सफर्डच्या टेबलावर कुणी दोन मापांचं एकच पॅकिंग ठेवलं नव्हतं. इंजिनं बनवणारे मात्र तेच करतात. एक चाललं की त्याचं धाकटं आणि थोरलं काढतात.

बरोबरचं पॅकिंग सकाळच्या गाडीने पाठवलं. भाडं मी भरलं.

मंगळवार, २५ जून

पहिला उपाय डोक्यात आला तो नाण्याचा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं. इंजिनाच्या तोंडावर ठेवून फोटो काढायचा. आकार ओळखला की फोटो सरळ करता येतो, सरळ केला की नाणं गोल दिसतं, आणि त्यावरून माप. सगळ्यांना मेसेज पाठवला. हर्णैहून एकाने विचारलं, नाणं परत मिळेल का.

मामाला हे सांगत होतो तेव्हा तो हेडवरचा नट सोडवत होता. पाना तसाच धरून म्हणाला, "नाणं कशाला? बोल्ट बघ ना. धाकट्या इंजिनाचा बोअर लहान असतो, बोल्ट लहान नसतो. बोल्ट बाजारात मिळतो तोच घालणार ना कंपनी. माझा हाच पाना दोघांना लागतो."

मी गप्पच झालो. इंजिन आखणारा बोअर ८० चा ९२ करेल, १०० करेल. बोल्ट मात्र १०, १२, १४ असाच. म्हणजे धाकटं इंजिन हे थोरल्याचं तंतोतंत छोटं चित्र कधीच नसतं, त्याच्या अंगावर न बदललेली भोकं असतात. माप अचलाने टाकलं, पण बोल्टांनी ते सांभाळून ठेवलं.

जेवायच्या आधी हिशेब केला. बोअर आणि त्याच्या शेजारचं तेरा मिलिमीटरचं भोक, ही जोडी. थोरल्यात बोअरची त्रिज्या ५०, भोकापर्यंतचं अंतर ७०. धाकट्यात ४० आणि ५६. पहिला अचल दोन्हीकडे ०.२२, जीव गेला. दुसरा: थोरल्यात उणे १४.१, धाकट्यात उणे १०.२. जीव परत आला.

भात गार झाला होता.

रविवार, ७ जुलै

फोटो आता रोज पाच-सहा. काय काय बिघडतं ते एका ठिकाणी:

स्टड. काही इंजिनांत हेड काढल्यावर बोल्टऐवजी स्टड, म्हणजे इंजिनातच रुतलेले आट्यांचे दांडे, उभे राहतात. फोटोत दिसतं ते स्टडचं टोक, आणि ते प्रतलाच्या वर पाऊण वीत. प्रोग्राम त्यालाच भोक समजतो आणि सगळे आकडे भरकटतात. इथे पळवाट नाही: प्रतल सोडून अवकाशात विखुरलेल्या बिंदूंसाठी एका फोटोतून असा अचल मिळूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा स्टडवाल्यांनी पॅकिंगचाच फोटो पाठवावा.

पण जुनं पॅकिंग निघताना वाकतं, कडा गुंडाळतात. वाकलं म्हणजे सपाट नाही, आणि सपाट नाही म्हणजे माझं दुकान बंद. जयगडच्या एका खलाशाने ते बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये दाबून फोटो पाठवला. बर्फातून सगळं दुप्पट दिसत होतं, पण कल्पकतेला दाद.

फोनचं रुंद भिंग. ०.५ वर फोटो काढला की सरळ कडा धनुष्यासारख्या वाकतात. तिथे प्रक्षेपणाचा नियमच मोडतो. सगळ्यांना सांगितलं, १ वरच ठेवा आणि दोन पावलं मागे जा. बोटीच्या पोटात दोन पावलं मागे जायला जागा नसते, हेही त्यांनी मला सांगितलं.

लहान भोकं. उणे १४ आणि उणे १० कागदावर लांब वाटतात, पण भोक फोटोत पंधरा पिक्सेलचं असेल तर लंबगोल एका पिक्सेलने चुकतो आणि आकडा सहज दोनाने हलतो. एकाच भोकावर विसंबायचं नाही, बोअरभोवतीची सगळी घ्यायची आणि मधला आकडा धरायचा.

रविवार, २१ जुलै

अचलांवर निकाल द्यायचा नाही, फक्त नावं सुचवून घ्यायची, असं ठरवलं. कप्प्यातून तीन-चार नंबर येतात. मग प्रत्येकाचा फर्मा फोटोवर बसवून बघायचा, कडा किती जुळतात ते मोजायचं. ऑक्सफर्डवाल्यांचाही शेवटचा टप्पा हाच होता. बसवताना मिळणाऱ्या मॅट्रिक्सच्या डिटरमिनंटचं चिन्ह उलटं आलं तर पॅकिंग पालथं आहे हेही कळतं. अचलांना सुलटं-पालथं कळत नाही. हेडच्या पॅकिंगला कळतं, पालथं बसवलं तर पाण्याची वाट बुजते.

जमवलेल्या ६४ फोटोंपैकी ५१ ला पहिलंच नाव बरोबर. उरलेल्या तेरांत पाच स्टड, तीन वाकडी, आणि पाच जणांचं कारण दोन दिवस सापडेना. सगळी पुठ्ठ्याच्या फर्म्यांची. आज एक हातात घेऊन उजेडात धरलं तेव्हा दिसलं: खिळ्याचं भोक. मामाने भिंतीला टांगायला पाडलेलं. प्रोग्रामने ते इंजिनाचं बोल्ट-भोक समजून इमानेइतबारे साठवलं होतं आणि प्रत्येक फोटोत शोधत होता.

सगळ्या पुठ्ठ्यांची खिळ्याची भोकं यादीतून काढली. तीस-एक निघाली.

सोमवार, १९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बंदरावर नारळ सोडायची गर्दी, दुकान दुपारपर्यंत बंद. मामा नवा सदरा घालून बसला होता तेवढ्यात फोटो आला, गिअरबॉक्सच्या झाकणाचा. खाली ओळ: आज निघायचंय.

प्रोग्रामने एकही नाव दिलं नाही. पूर्वी काहीतरी एक ठोकून द्यायचा, आता जुळलं नाही तर नाही म्हणतो. ते मला पन्नास बरोबर उत्तरांपेक्षा आवडतं. मामाला फोन दिला. त्याने उभा-आडवा केला, बोटांनी मोठा केला, भिंतीकडे बघितलं, परत फोनकडे.

"हा आपल्याकडे नाय," म्हणाला. "झाकण घेऊन ये म्हणावं."

तासाभराने खलाशी झाकण गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मामाने नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मिठाईचा खोका उलगडला आणि हातोडी घेतली. कापून झाल्यावर टांगायला भोक पाडायला गेला, थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि एका बोल्टच्या भोकातूनच फर्मा खिळ्यावर अडकवला.

नंबर १४८. फोटो उद्या काढतो, आज चादर मिळणार नाही.